गुलमर्गचे ऑइल देवबागला? फोर-स्ट्रोक आउटबोर्डसाठी ऑइल निवडताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. मालवणजवळच्या देवबागला तुमची पर्यटकांना डॉल्फिन दाखवणारी फायबरची होडी आहे, तिच्यावर ४० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेले इंजिन. यंदा भागीदारीत एक जुनी जेट-स्कीही घेतलीत. तुमचा भाचा हिवाळाभर गुलमर्गला स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्यांच्या, वर्कशॉपमध्ये कामाला असतो. तो येताना ०डब्ल्यू-४० फुल सिंथेटिकचे डबे घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, फोर-स्ट्रोकला याच्या तोडीचे ऑइल नाही, आम्ही तिकडे दुसरे घालतच नाही." तुमचा मालवणचा मेकॅनिक म्हणतो, असले पाण्यासारखे पातळ ऑइल आपल्या उन्हात टिकायचे नाही, ट्रॉलरवाले घालतात ते १५डब्ल्यू-४० डिझेलचे घाला. आता ऐकायचे कुणाचे?

भाच्याचे म्हणणे गुलमर्गपुरते बरोबर आहे. मेकॅनिकचे पातळपणाबद्दलचे म्हणणे चूक आहे, डिझेलच्या ऑइलबद्दलचे अर्धे बरोबर. पण दोघांचा वाद ज्या आकड्यावरून चाललाय तो आपल्या किनाऱ्यावर फारसा कामाचाच नाही. इथे मशीन थंडीने मरत नाही. खारी हवा, ऑइलमध्ये उतरणारे पेट्रोल आणि पावसाळ्याचे बंद महिने त्याला आतून खातात. ऑइल निवडायचे ते या तिघांकडे बघून.

आधी तो शून्य निकालात काढू. डब्ल्यूच्या आधीचा आकडा फक्त कडाक्याच्या थंडीतली परीक्षा सांगतो. ० डब्ल्यूच्या ऑइलमध्ये इंजिन उणे ३५ अंशाला फिरले पाहिजे, ५ डब्ल्यूला उणे ३०, १० डब्ल्यूला उणे २५, १५ डब्ल्यूला उणे २०, आणि २५ डब्ल्यूला उणे १०. डब्ल्यूच्या पुढचा आकडा १०० अंशाचा. तिथे ४० लिहिलेले कोणतेही ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (हे ऑइलच्या जाडीचे माप) पट्ट्यातच असावे लागते, मग आधी शून्य असो की पंधरा. म्हणजे भाच्याचे ०डब्ल्यू-४० आणि मेकॅनिकचे १५डब्ल्यू-४० मशीन गरम झाल्यावर जवळजवळ सारख्याच जाडीचे. शून्य म्हणजे पाणी नव्हे. मे महिन्यात दुपारी ४० अंशाला तेच ०डब्ल्यू-४० साधारण ७० ते ८० सेंटिस्टोक असते, गरम इंजिनात असते त्याच्या पाच-सहा पट जाड. इंजिनाच्या दृष्टीने आपली भर उन्हाळ्यातली सकाळसुद्धा थंडच.

गुलमर्गला शून्य का, तेही बघा. स्नोमोबाइल रात्रभर बर्फात उभी असते. सकाळी पारा शून्याच्या बराच खाली, ऑइल मधासारखे घट्ट, स्टार्टरला क्रँक फिरवायला जड जाते, आणि सुरू झालेच तर वरच्या कॅमपर्यंत ऑइल चढायला उशीर लागतो. तेवढ्यात धातूवर धातू घासतो. म्हणून फोर-स्ट्रोक स्नोमोबाइलला कंपन्या ०डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-४० सांगतात. खरे तर गुलमर्गच्या बहुतेक रात्री १० डब्ल्यूनेही इंजिन फिरेल. पण तीच गाडी कॅनडातही विकली जाते, आणि बर्फाच्या मध्यात बंद पडलेल्या गाडीची किंमत ऑइलच्या फरकापेक्षा फार मोठी. तिकडे कंपनीच्या पुस्तकात लिहिलेय तेच घालावे. भाचा शहाणा आहे.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. रोटॅक्सचे ९०० एस हे इंजिन स्की-डू या स्नोमोबाइलमध्येही बसते आणि सी-डू स्पार्क या जेट-स्कीतही. घराणे एकच. बर्फावरच्या गाडीला कंपनी ०डब्ल्यू-४० देते, पाण्यावरच्या गाडीला ५डब्ल्यू-४०, तेही अर्धे सिंथेटिक. इंजिन तेच असूनही जागा बदलली की कंपनी स्वतःच डबा बदलते. भाच्याला एवढे सांगितले तरी पुरे, तो मेकॅनिक आहे, समजेल.

मग ते ०डब्ल्यू-४० आउटबोर्डमध्ये घातले तर मशीन जाम होईल का? होणार नाही. पण इतका मोठा पल्ला गाठायला त्यात जाडी टिकवणारे पॉलिमर जास्त घालावे लागतात, आणि मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्यांपर्यंत पळणाऱ्या मशीनमध्ये ते पॉलिमर हळूहळू तुटतात. शिवाय त्या डब्यावर समुद्राच्या कामाची कोणतीही खूण नाही. आपण पैसे मोजणार उणे ३५ च्या परीक्षेचे, जी देवबागला कधीच होणार नाही. ते डबे घरच्या गाडीच्या पुस्तकात ०डब्ल्यू-४० चालते असे लिहिले असेल तर तिच्यात वापरा, नाहीतर भाच्याला परत द्या.

आता मुख्य मुद्दा. आउटबोर्ड बाहेरचे पाणी ओढून थंड होते, रेडिएटर नसतो. मोटारीचे इंजिन ९० अंशांच्या आसपास चालते, आउटबोर्डचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर थंड पाण्याची वाट उघडणारी झडप, ५० ते ६० अंशांच्या दरम्यानच उघडतो. हे मुद्दाम ठेवलेले असते, कारण खारे पाणी त्याहून जास्त तापले की क्षार आतल्या वाटांत चिकटून बसतात. पण त्याची किंमत ऑइलला मोजावी लागते. थंड सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट उडत नाही, त्यातले थोडे भिंतीवर जमते आणि रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरते. मोटारीत गरम ऑइलमधून ते पुन्हा उडून जाते. आउटबोर्डमध्ये तेवढी धगच नसते, मग ते तिथेच मुक्काम करते.

तुमची फेरी डोळ्यांसमोर आणा. कर्लीच्या खाडीतून हळूहळू संगमाकडे. मग बाहेर थोडे पळवले, डॉल्फिन दिसले की मशीन न्यूट्रलला किंवा अगदी मंद. गिऱ्हाईक फोटो काढणार. मग त्सुनामी आयलंडला होडी लावली, मशीन बंद. पुन्हा चालू, पुन्हा मंद. दिवसभरात मशीन पुरते गरम होते ते किती वेळ? गळ टाकून मंद चालवणाऱ्या मच्छीमाराचे आणि तुमचे दुखणे एकच. थंड देशांतल्या तळ्यांवर हा त्रास आपल्याहून जास्त; आपला समुद्र २६ ते ३० अंशांचा, तेवढा आपला फायदा. पण मंद चालवण्याने तो फायदा बराच खाल्ला जातो.

याची खूण डिपस्टिकवर दिसते: ऑइल कमी होण्याऐवजी वाढते. "आमची मशीन ऑइल खात नाही, उलट वाढवते," असे कौतुकाने सांगणारे होडीवाले किनाऱ्यावर बरेच आहेत. ती वाढ पेट्रोलची. डिपस्टिक नाकाजवळ धरा, वास येईल. असे ऑइल पातळ होते, बेअरिंगवरचा थर बारीक होतो, आणि सुरुवातीला ४० असलेले ऑइल प्रत्यक्षात ३० च्या जाडीवर येऊन बसलेले असते.

इथे आपल्याकडच्या एका खोडीबद्दल बोललेच पाहिजे. थर्मोस्टॅट मिठाने अडकला, मशीन तापले, अलार्म वाजला, की काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. "आपल्याकडे कशाला हवा, थंडी कुठे आहे?" मालकालाही बरे वाटते, मशीन कधी तापतच नाही. पण ती आता सदोदित थंड चालते, आणि ऑइलमध्ये पेट्रोल उतरायला दार सताड उघडे. तुमच्या मशीनचे ऑइल वाढत असेल तर कोणते ऑइल घालावे हा प्रश्न नंतर. आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का, आणि उघडा अडकलेला नाही ना, ते बघा. नवा थर्मोस्टॅट आणि त्याची गॅस्केट टाकणे हे चांगल्या ऑइलच्या डब्यापेक्षा जास्त कामाचे. अडकू नये म्हणून रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने फ्लशिंग करायचे, दुसरा उपाय नाही. आणि मंद फिरून आल्यावर जेटीला लागण्याआधी दहा-पंधरा मिनिटे मशीन तीन-चतुर्थांश थ्रॉटलवर पळवून आणा, म्हणजे निदान काही पेट्रोल आणि ओल उडून जाईल.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि आउटबोर्डच्या बहुतेक पुस्तकांत मर्यादा १० टक्क्यांची लिहिलेली आहे. इथेनॉल हवेतली ओल धरते. आपल्या हवेत ओल किती ते सांगायला नको. थंड इंजिनात हे इथेनॉल आणि पाणी ऑइलमध्ये मिसळून पांढरट साय तयार होते. मशीन बदलता येत नाही आणि पंपही बदलता येत नाही, म्हणून हातात उरते ते एवढेच: टाकीत पेट्रोल आठवडे साठवू नये, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवावा, आणि ऑइल पुस्तकात लिहिलेय त्याहून थोडे आधीच बदलावे.

आता डब्यावर काय शोधायचे? एफसी-डब्ल्यू. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनची ही खूण पाण्याने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या ऑइलसाठी आहे. मोटारीच्या ऑइलच्या परीक्षांवर तिच्यात आणखी काही परीक्षा घेतात. खाऱ्या धुक्यात धातूवर गंज चढतो का, ऑइलमध्ये पाणी मिसळले तर फिल्टर तुंबतो का, फेस किती येतो, जाडी किती टिकते. या चारही गोष्टी आपल्या रोजच्या. एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची) एसएन किंवा एसपी ही मोटारीच्या ऑइलची खूण चांगलीच आहे, पण तिच्यात खाऱ्या हवेचा आउटबोर्ड गृहीत धरलेला नाही. शिवाय मोटारीच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिस्टला जपण्यासाठी १०डब्ल्यू-३० सारख्या हलक्या ग्रेडमध्ये फॉस्फरसला मर्यादा घातलेली आहे. आउटबोर्डला कॅटॅलिस्टच नसतो, त्याला ती बंधने पाळून काही मिळत नाही. तेव्हा डब्यावर एफसी-डब्ल्यू आणि पुस्तकात दिलेला एपीआय, दोन्ही बघा. आणि एफसी-डब्ल्यू व टीसी-डब्ल्यू३ यांत गल्लत करू नका. टीसी-डब्ल्यू३ टू-स्ट्रोकचे, पेट्रोलमध्ये मिसळून जळायचे ऑइल. शेजारच्या होडीवर जुने टू-स्ट्रोक मशीन असेल तर दोन्ही डबे एकाच शेडमध्ये असतात, आणि घाईच्या वेळी खलाशी हाताला लागेल तो डबा ओततो. डब्यांवर रंगाने मोठा २ आणि ४ काढून ठेवा.

ग्रेडबद्दल फार डोके शिणवू नका. यामाहा, सुझुकी, होंडा आपापल्या फोर-स्ट्रोक आउटबोर्डना १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० सांगतात, मर्क्युरी गरम प्रदेशासाठी २५डब्ल्यू-४० देते. २५ डब्ल्यू म्हटल्यावर भाच्याच्या कपाळाला आठ्या पडतील. पडू द्या. देवबागला ते बिनधास्त चालते. तुमच्या मशीनच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-४० दोन्ही असतील तर मी तुमच्यासाठी १०डब्ल्यू-४० घेईन. ते जास्त पळते म्हणून नव्हे. पेट्रोल उतरून पातळ झाले तरी ४० चे ऑइल ३० पर्यंत येऊन थांबेल. ३० चे ऑइल मात्र २० पर्यंत घसरेल. फुल सिंथेटिक की सेमी? पुस्तकाने सक्ती केली नसेल तर एफसी-डब्ल्यू खुणेचे सेमी-सिंथेटिक पुरे. पेट्रोल आणि पाणी मिसळलेले महाग सिंथेटिक हेही मिसळलेलेच असते. वाचलेल्या पैशात वर्षाला एक ऑइल चेंज जास्त करा.

मेकॅनिकचे डिझेल ऑइल घेऊ. १५डब्ल्यू-४० सीआय-४ (ही एपीआयची डिझेलची खूण) हे ट्रॉलरच्या डिझेल इंजिनाचे. त्याचे काम काजळी पोटात धरून ठेवणे, म्हणून त्यात धुणारी रसायने भरपूर. जाडी आपल्याला चालण्यासारखी आहे. काही आउटबोर्डच्या पुस्तकांत मूळ ग्रेड मिळाले नाही तर पर्याय म्हणून १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४० छापलेलेही असते, एपीआयची पेट्रोलची खूण असेल तर. त्यामुळे रविवारी मालवणात दुसरे काही मिळत नाही, ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलेय आणि गिऱ्हाईक जेटीवर उभे आहे, अशा वेळी डब्यावर सीआय-४ बरोबर एसएल ही पेट्रोलची खूण लिहिलेली असेल तर खुशाल घाला. कमी ऑइलवर मशीन चालवण्यापेक्षा ते शंभर पटीने बरे. कायमची सवय मात्र नको. ट्रॉलरचे इंजिन दोन हजारांच्या आत-बाहेर फिरते, तुमचे पाच-सहा हजारांवर. त्या वेगाला ऑइलमध्ये हवा घुसळली जाते, फेस येतो, आणि पंपाने फेस ओढला की बेअरिंगला ऑइलऐवजी बुडबुडे मिळतात. डिझेल ऑइल त्या कामासाठी पारखलेले नसते.

मोटरसायकलचे २०डब्ल्यू-५० घालणारेही आहेत. त्या डब्यावरची जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ ही खूण ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी असते, क्लच घसरू नये म्हणून. आउटबोर्डमध्ये तसा क्लच नाही, स्नोमोबाइलमध्येही नाही, तिथे बेल्ट असतो. म्हणजे ज्या गुणासाठी जादा पैसे, तो गुण इथे कामालाच येत नाही. आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला ५० चे जड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ घेते.

जेट-स्कीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिचे मॉडेल तुम्ही लिहिलेले नाही. साधे इंजिन असेल तर पुस्तकातले ग्रेड, बहुधा १०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४०. सुपरचार्जर असेल तर प्रयोग अजिबात नको, त्या मॉडेलसाठी कंपनीने दिलेलेच ऑइल. काही मॉडेलमध्ये सुपरचार्जरचा घसरता क्लच इंजिनाच्याच ऑइलवर चालतो. जुनी घेतली आहे, तर आधीच्या मालकाने काय घातले होते ते विचारून त्यावर विश्वास ठेवू नका. सगळे काढून, फिल्टर बदलून नव्याने सुरुवात करा. ती कधी पाण्यात उलटली आणि बराच वेळ उलटी राहिली असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे असे धरूनच चाला.

लेव्हल बघण्यात आपल्याकडे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. संध्याकाळी होडी वाळूवर ओढलेली, पुढचे टोक (नाळ) वर, मागचे खाली, मशीन अर्धवट वर उचललेले. त्या अवस्थेत डिपस्टिक काढली तर आकडा खोटा येतो. कधी कमी दिसते, मालक ओततो, आणि सकाळी मशीन निळा धूर सोडते. मशीन पूर्ण सरळ उभे हवे, बंद करून दहा मिनिटे झालेली हवीत. खाडीच्या शांत बाजूला होडी तरंगत असताना बघितलेले सर्वांत बरे. वरच्या खुणेपर्यंत भरायचा हट्ट नको. दोन खुणांच्या मध्ये असले की झाले. जादा ऑइल क्रँकच्या तडाख्यात सापडते, फेसाळते आणि ब्रीदरमधून एअर इनटेककडे जाते. छोटे, हाताने उचलायचे फोर-स्ट्रोक मशीन आडवे ठेवायचे तर कोणती बाजू खाली ते कव्हरवर चित्राने दाखवलेले असते. उलट बाजूला ठेवले तर ऑइल सिलिंडरमध्ये जाते.

बदलायचे कधी? नव्या मशीनचा पहिला चेंज साधारण २० तासांना, पुढे दर १०० तासांना किंवा वर्षाला, जे आधी येईल ते. तुमच्यासारखे मंद चालणारे मशीन असेल तर मी ७०-८० तासांवरच बदलायला सांगेन. दिवाळी ते मे हंगामात तुमचे तास भराभर भरतात, म्हणून तास लिहायची वही ठेवा. मीटर नसेल तर फेऱ्यांवरून अंदाज धरा.

पण या सगळ्यापेक्षा वजनदार एक चेंज आहे, आणि तो आपल्या किनाऱ्यावर बहुतेक जण चुकीच्या वेळी करतात. मेअखेरीस जलक्रीडा बंद होते, ऑगस्ट संपेपर्यंत होडी शेडमध्ये. लोक विचार करतात, तीन महिने मशीन चालणारच नाही, मग नवे ऑइल कशाला वाया घालवा, नारळी पौर्णिमेनंतर बदलू. नेमके उलटे करायचे. हंगामभर वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल असते, पाणी असते, पेट्रोल असते. ते बेअरिंगच्या चकचकीत पृष्ठभागावर पावसाळ्याच्या ओलीत तीन महिने बसून राहते. नवे ऑइल गंज रोखणारी रसायने घेऊन बसते. म्हणून मशीन ठेवायच्या आधी ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला, नव्या ऑइलवर गोड्या पाण्यात पाच-दहा मिनिटे चालवा म्हणजे ते सगळीकडे लागेल, आणि मग सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (गंज रोखणारा ऑइलचा फवारा) मारून मशीन सरळ उभे ठेवा. सप्टेंबरमध्ये ते फेकायची गरज नाही. डिपस्टिक काढून रंग आणि वास बघा, ठीक असेल तर त्याच ऑइलवर हंगाम सुरू करा.

हा मेमधला चेंज स्वतः उभे राहून करून घ्या, कारण मशीनची तब्येत त्याच वेळी कळते. मशीन कोमट करून घ्या. खाली स्वच्छ पांढरे भांडे धरा. ड्रेन बोल्ट सुटला की वायसर नीट बघा. जुना वायसर बहुतेकदा ब्लॉकलाच चिकटून राहतो, आणि त्यावर नवा बसवला की दोन वायसर एकावर एक येतात, मग गळती. जुना नखाने काढा, नवा टाका, आणि बोल्ट पान्याने जीव खाऊन आवळू नका, ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे. आलेले ऑइल काळे असेल तर काही बिघडले नाही, काळे होणे हे त्याचे कामच. ते दुधाच्या चहासारखे दिसत असेल तर मात्र थांबा. थोडे ऑइल पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर उभे ठेवा; मोकळे पाणी असेल तर तळाला जमेल. पाणी ऑइलमध्ये पुरते मिसळून गेले असेल तर ते असे खाली बसत नाही, तेव्हा जुन्या टाकाऊ तव्यावर, उघड्यावर, तवा गरम करून विस्तवापासून बाजूला घेतल्यावर एक थेंब टाका. नुसता पसरला तर ठीक, तडतडला तर पाणी. पेट्रोलचा वास जोराचा येत असेल तर ही तव्याची परीक्षा करू नका. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून थोडी साय असेल तर ती ओल. पण काढलेले सगळे ऑइल पांढरट असेल तर हेड गॅस्केट किंवा पाण्याची वाट फुटलेली असू शकते, आणि तिथे कोणत्याही ब्रँडचे ऑइल काही करणार नाही. मेमध्ये कळले तर दुरुस्तीला तीन महिने हातात आहेत. हंगामाच्या तोंडावर कळले तर दिवाळीची गिऱ्हाइके दुसऱ्याच्या होडीत.

सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा सुरू करताना लाल दोरीची क्लिप काढून ठेवा आणि स्टार्टर तीन-चार सेकंद, थांबून पुन्हा तीन-चार सेकंद फिरवा. बहुतेक आउटबोर्ड क्लिपशिवाय फिरते पण पेटत नाही, तेवढ्यात ऑइल वरपर्यंत चढते. मग क्लिप लावून चालू करा.

खरेदीबाबत एकच आग्रह: सुटे ऑइल घेऊ नका. बॅरलमधून मापाने मिळणारे ऑइल स्वस्त का, ते विकणारा सांगणार नाही. जुने ऑइल गाळून, रंग देऊन पुन्हा बाजारात येते. डीलरकडून सीलबंद डबा घ्या, झाकणाखालचे सील आणि बॅच नंबर बघा, आणि रिकामा डबा देताना झाकण मोडून द्या, म्हणजे तोच डबा पुन्हा भरला जाणार नाही. ४० अश्वशक्तीच्या मशीनला एका वेळी दोन-तीन लिटरच लागते. हंगामाला दोन चेंज धरले तरी चार-सहा लिटर. त्यात कंजुषी करण्यासारखे काही नाही.

खालच्या गिअरकेसचे ऑइल वेगळे असते, हे तुम्हाला ठाऊक असेलच, पण विचारणारे अजून भेटतात. तिथे इंजिनाचे ऑइल चालत नाही, मरीन गिअर ऑइल लागते, आणि तेही मेमध्येच बदला. खालचा बोल्ट सोडल्यावर पहिल्यांदा पाणी आले किंवा ऑइल पांढरट निघाले तर प्रोपेलर शाफ्टचे सील गेलेय. बहुतेकदा शाफ्टला गुंडाळलेली जाळ्याची नायलॉन दोरी आढळते; संगमाच्या बाजूला ती पाण्यात तरंगत असतेच.

काढलेले जुने ऑइल झाकणाच्या डब्यात भरा. ते कायद्याने घातक कचऱ्यात मोडते, आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला माल देणारी गॅरेजेस कुडाळ-सावंतवाडीकडे शोधली तर सापडतील. माडाच्या आळ्यात, वाळूत किंवा खाडीत ओतू नका. तिथेच रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जाते. लाकडी होडीला बाहेरून जुने ऑइल फासायची पद्धतही सोडा, त्यासाठी काजूच्या टरफलाचे तेल आहे. आणि काढलेला फिल्टर लगेच फेकू नका. तोंड खाली करून रात्रभर त्याच डब्यावर निथळत ठेवा, मग कापून आतला कागद उलगडून बघा: काळा गाळ चालेल, चकाकणारे कण दिसले तर त्याचा फोटो आणि मशीनचे मॉडेल मला पाठवा.